नवा बोलिंग बॉल घेतला, पण भोकं नेमकी कुठे पाडायची?

अमेरिकेत बोलिंग सेंटरला लागून असलेल्या एखाद्या प्रो शॉपमध्ये नवा बॉल विकत घेतला, तर हातात येतो तो नुसता एक गोळा. चकाकणारा, सहा-सात किलोचा आणि एकही भोक नसलेला. किंमत दोनशे डॉलरच्या आसपास. मग ड्रिलर तो मशीनमध्ये घट्ट बसवतो आणि दोन भोकं बोटांसाठी, एक अंगठ्यासाठी पाडतो. काम फार वेळाचं नाही. पण पहिलं भोक पडलं की मागे फिरणं महाग पडतं. भोकं रेझिनने बुजवून पुन्हा पाडता येतात, मात्र त्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात आणि बॉल काही दिवस अडकून पडतो.

म्हणून ड्रिल खाली येण्याआधी दुकानात विचारलं जातं, लेआउट कोणता हवा? लेआउट म्हणजे बॉलच्या आत दडलेल्या वजनाच्या तुलनेत भोकं कुठे पाडायची, त्याचा आराखडा. नव्या खेळाडूची पंचाईत इथेच होते. बरेच जण मोबाईल काढून एखाद्या नामवंत खेळाडूच्या बॉलचा फोटो दाखवतात आणि 'सेम असंच करा' म्हणतात. लेआउट निवडायची ही सगळ्यात वाईट पद्धत आहे. का, हे कळायला आधी बॉल वळतो कसा ते बघावं लागेल.

बॉल वळवायचाच कशाला?

मुंबई-पुण्यातल्या मॉलमध्ये ज्यांनी बोलिंग खेळलंय, त्यांच्या डोक्यात बॉल सरळच जातो. रॅकवरून उचलायचा, बोटं घालायची आणि ढकलून द्यायचा. तिथले बॉल प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या कवचाचे असतात. तेलावर ते घसरत राहतात आणि वळायचं नाव काढत नाहीत. भोकंही कुणाच्याही बोटांना बसावीत अशी सैल.

पण सरळ बॉलला भूमितीचीच अडचण आहे. लेन फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट लांब आणि जेमतेम साडेतीन फूट रुंद असते. ही रुंदी ३९ पट्ट्यांत मोजतात, प्रत्येक पट्टी इंचापेक्षा किंचित जास्त. उजव्या हाताच्या खेळाडूला स्ट्राइकसाठी पहिल्या आणि तिसऱ्या पिनमधली फट गाठायची असते. तिला पॉकेट म्हणतात. बॉल या पॉकेटमध्ये साधारण ६ अंशांच्या कोनात शिरला, तर दहाही पिन पडण्याची शक्यता सगळ्यात चांगली. आता लेनच्या अगदी उजव्या कडेवरून सरळ रेघेत बॉल टाकला, तरी हिशेब दीड अंशाच्याही आतच अडकतो. उरलेला कोन वळणातूनच मिळवावा लागतो.

आणि हे वळण कधी घ्यायचं, ते तेल ठरवतं. लेनवर पहिल्या ४० फुटांच्या आसपास तेलाचा पातळ थर असतो. रोजच्या खेळाच्या लेनवर तो मध्यभागी जाड आणि कडेला विरळ असतो. कॅरमवर पावडर पडलेल्या भागात सोंगटी कशी सुळकन जाते आणि कोरड्या भागात अडखळते, तसाच हा प्रकार. बॉल आधी तेलावर घसरतो, पुढे घर्षण मिळालं की वळायला लागतो आणि शेवटी गडगडत सरळ पिनवर जातो. घसरणं, वळणं, गडगडणं. या तीन टप्प्यांमधली सीमा थोडी पुढे-मागे सरकवणं, लेआउटचं काम एवढंच.

गोळ्याच्या पोटात काय असतं?

वरचं कवच आणि आतला गाभा, म्हणजे कोअर. महागड्या बॉलचं कवच रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचं असतं. ते तेल शोषतं आणि कोरड्या लाकडाला पकडतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे कवच बाजारात आलं आणि खेळाचा नूरच पालटला. पूर्वी वळण काढायला मनगटाची कमाल लागायची. आता त्यातलं बरंचसं काम बॉल स्वतः करतो.

कोअर गोल नसतो. कधी पेरूसारखा, कधी बल्बसारखा, कधी मुद्दाम वेडावाकडा. उंची जास्त, रुंदी कमी. त्याचे दोन आकडे बॉलसोबत छापून येतात. पहिला आरजी. वजन बॉलच्या मध्याजवळ एकवटलंय की बाहेरच्या बाजूला पसरलंय, ते हा आकडा सांगतो. अमेरिकेतली नियामक संस्था यूएसबीसी २.४६ ते २.८० इंच एवढीच मुभा देते. आकडा लहान असेल तर बॉल लवकर गिरक्या घ्यायला लागतो. दुसरा आकडा डिफरन्शिअल. कोअरचा उभा आणि आडवा अक्ष यांच्या आरजीमधला हा फरक. त्याची कमाल मर्यादा ०.०६० इंच. हा जितका मोठा, तितकी बॉलची फिरता फिरता डोलण्याची ताकद जास्त.

नव्या बॉलवर एक वेगळ्या रंगाचा ठिपका असतो. त्याला पिन म्हणतात. समोर उभ्या असलेल्या दहा पिनांशी त्याचा काहीही संबंध नाही, नावाचा निव्वळ गोंधळ. बॉल ओतताना कोअर साच्यात अधांतरी धरून ठेवणाऱ्या दांडीची ही खूण, त्यामुळे कोअरचं डोकं कुठे आहे ते या ठिपक्यावरून कळतं. शिवाय गुरुत्वमध्याची एक खूण असते. कोअर असममित असेल, तर मास बायस नावाची तिसरी खूणही असते.

सगळा खेळ पीएपीचा

बॉलवरच्या या खुणा कारखान्यात ठरतात. पण लेआउटमधली सगळ्यात महत्त्वाची खूण बॉलवर नसते, ती खेळाडूच्या हातात असते.

हातातून सुटताना बॉल एका अक्षाभोवती फिरतो. त्या अक्षाचं टोक बॉलच्या पृष्ठभागावर जिथे येतं, तो बिंदू म्हणजे पॉझिटिव्ह अ‍ॅक्सिस पॉइंट, थोडक्यात पीएपी. उजव्या हाताच्या खेळाडूसाठी तो ग्रिपच्या उजवीकडे येतो. मोजमाप ग्रिपच्या मध्यापासून करतात, इतके इंच बाजूला आणि इतके इंच वर किंवा खाली. '५ इंच बाजूला, अर्धा इंच वर' हा आकडा बऱ्याच दुकानांत ऐकू येतो. माहिती नसेल तर ड्रिलर तोच गृहीत धरतात. पण कुणाचा ४ असतो, कुणाचा साडेपाच. हात कसा सुटतो, अंगठा कधी बाहेर येतो, यावर तो ठरतो आणि बोटांच्या ठशाइतकाच वैयक्तिक असतो.

फोटो दाखवून लेआउट का मागू नये, त्याचं उत्तर इथे आहे. फोटोत पिनचा ठिपका बोटांच्या भोकांपासून किती दूर आहे ते दिसतं. पीएपी दिसत नाही. समजा त्या खेळाडूचा पीएपी ४ इंचांवर आहे आणि तुमचा साडेपाचवर. ड्रिलरने भोकं हुबेहूब त्याच जागी पाडली, तरी पिन आणि पीएपीमधलं अंतर तुमच्या बॉलवर दीड इंचाच्या आसपास बदललेलं असेल. दिसायला बॉल सारखाच, वागायला वेगळा.

पीएपी शोधणं अवघड नाही. जुना, कमी डोलणारा बॉल लेनवर टाकायचा. परत आला की त्यावर तेलाच्या गोल रेघा उमटलेल्या दिसतात. हातातून सुटल्यावर उमटलेली पहिली रेघ मेणाच्या पेन्सिलने गिरवायची आणि त्या वर्तुळाचा ध्रुव शोधायचा. आर्मडिलो नावाचं प्लास्टिकचं छोटं मोजपट्टीसारखं साधन त्यासाठी मिळतं. उत्तर बरोबर आहे का हे बघायची साधी युक्ती म्हणजे त्या बिंदूवर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवायचा, बॉल टाकायचा आणि बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढायचा. सुटल्याक्षणी टेप जागच्या जागी फिरताना दिसली तर बिंदू बरोबर. गोल घिरट्या घालताना दिसली तर चूक.

वरवंटा उभा, आडवा की तिरका?

आता मुख्य आकडा. पिनपासून पीएपीपर्यंतचं अंतर.

बॉलच्या पोटातला कोअर म्हणजे एक छोटा वरवंटा समजा. तो उभा धरून लांबीच्या अक्षाभोवती फिरवला तर शांत फिरतो. आडवा टाकून गरगरवला तरीही शांत फिरतो. तिरका धरून फिरवला की मात्र तो स्वस्थ बसत नाही. डुलतो आणि हळूहळू आडवं व्हायला बघतो. बॉलमध्ये हेच घडतं. पिन अगदी पीएपीवर असेल तर कोअर अक्षाशी समांतर, म्हणजे उभा. पिन पीएपीपासून पावणेसात इंचांवर असेल, म्हणजे बॉलच्या घेराच्या पाव अंतरावर, तर कोअर आडवा. दोन्ही टोकांना बॉल फारसा डोलत नाही. बरोबर मधे, ३.३७५ इंचांवर, कोअर ४५ अंशांत तिरका असतो आणि डोलणं कमाल होतं.

या डोलण्याला फ्लेअर म्हणतात. त्याचा फायदा साधा आहे. बॉल डोलला की प्रत्येक गिरकीत त्याच्या पृष्ठभागाचा नवा, कोरडा भाग लेनला टेकतो. डोललाच नाही तर तेलाने माखलेला तोच पट्टा पुन्हा पुन्हा टेकत राहतो आणि बॉल घसरत राहतो. परत आलेल्या बॉलवर तेलाच्या रेघा एकमेकींपासून सुट्या, पंख्यासारख्या पसरलेल्या दिसल्या तर फ्लेअर भरपूर. एकावर एक गिरवल्यासारख्या दिसल्या तर कमी.

मग सगळ्यांनीच ३.३७५ का घेऊ नये? कारण जास्त फ्लेअर म्हणजे जास्त चांगलं असं नाही. बॉल लवकर वळला तर त्याची ताकद पिनपर्यंत पोहोचण्याआधीच संपते आणि तो मेलेल्या पायाने पॉकेटमध्ये जातो. शिवाय जास्त फ्लेअरमध्ये तेलाची एखादी रेघ बोटांच्या किंवा अंगठ्याच्या भोकावरून जाण्याचा धोका असतो. तसं झालं की लेनवर टक-टक आवाज येतो आणि बॉलची दिशा बिघडते. म्हणून पहिल्या सर्वसाधारण बॉलसाठी बरेच ड्रिलर साडेचार इंचांच्या आसपास राहतात.

आणि ते दोन कोन?

लेआउट सांगताना बहुतेक ठिकाणी तीन आकडे एका दमात म्हटले जातात, उदाहरणार्थ '५०, साडेचार, ३५'. ही ड्युअल अँगल पद्धत. ती रूढ केली मॉरिस 'मो' पिनेल यांनी. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी बोलिंग बॉलचे कोअर घडवण्यात घालवला. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं. मधला आकडा म्हणजे वर सांगितलेलं पिन-पीएपी अंतर. पहिला ड्रिलिंग अँगल, साधारण १० ते ९० अंशांमधला. तो लहान असेल तर बॉल लवकर जागा होतो, मोठा असेल तर उशिरा. तिसरा कोन पीएपीमधून जाणाऱ्या उभ्या रेषेशी होतो, २० ते ७० अंशांमधला. तो लहान असेल तर वळणाकडून गडगडण्याकडे जाणं झटक्यात होतं, मोठा असेल तर सावकाश, लांब कमानीत.

कोअर सममित असेल तर पहिल्या कोनाचा परिणाम बराच कमी असतो, त्यामुळे त्यावरून डोकं पिकवायची गरज नाही. असममित कोअरमध्ये तो खरा बोलतो.

दुकानात ऐकू येणारे 'पिन अप' आणि 'पिन डाउन' हे शब्द याच गणिताचं बोलीभाषेतलं रूप. ठिपका बोटांच्या भोकांच्या वर असेल तर पिन अप, खाली असेल तर पिन डाउन. ढोबळ अनुभव असा की, पिन अप बॉल लांब जातो आणि शेवटी टोकदार वळतो. पिन डाउन बॉल आधीपासून हळूहळू, गोलाकार वळतो. ढोबळ एवढ्याचसाठी की पीएपी बदलला की हेही बदलतं.

कुणी काय निवडावं?

इथे दोन गोष्टींची सांगड घालायची असते. बॉलचा वेग आणि गिरक्यांचा वेग. एकाचा हात जोरदार आहे पण बॉलला गिरक्या कमी मिळतात. त्याचा बॉल वळायच्या आधीच पिनपाशी पोहोचतो. त्याला बॉल लवकर जागा करणारा लेआउट हवा. म्हणजे पिन साडेतीन-चार इंचांवर आणि दोन्ही कोन लहान. दुसऱ्याच्या गिरक्या भरपूर आहेत पण वेग कमी. त्याचा बॉल लेनच्या अर्ध्यातच वळून पहिल्या पिनच्या पलीकडे जातो. त्याने पिन पाच इंचांच्या आसपास न्यावी आणि कोन मोठे ठेवावेत. दोन्ही जमून आलेले असतील तर मधला मार्ग.

दोन्ही हातांनी बॉल टाकणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमोंटेने ही शैली जगभर पोहोचवली आणि अमेरिकेच्या पीबीए टूरवर सर्वाधिक मेजर विजेतेपदांचा विक्रम केला. या शैलीत अंगठा वापरत नाहीत, म्हणून अंगठ्याचं भोक नसतं. हे भोक तिन्हींत मोठं. ते पाडताना बॉलच्या आतलं बरंच वस्तुमान निघून जातं आणि वागणूक बदलते. ते नसेल तर बॉल कारखान्यातून निघाला तसाच जवळपास राहतो. त्यात या खेळाडूंच्या गिरक्या आधीच जास्त. त्यामुळे एक हाताने खेळणाऱ्याचा लेआउट त्यांना जसाच्या तसा लावणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालणं.

हातात आणखी एक सोय होती, ती आता गेली. पूर्वी बॉल मनासारखा वागला नाही तर एक जादा भोक पाडून तोल बदलता यायचा. त्याला बॅलन्स होल म्हणायचे. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीने ते बंद केलं. आता बॉलवरचं प्रत्येक भोक प्रत्येक फेकीत पकडीसाठी वापरलंच पाहिजे. एखादा खेळाडू स्ट्राइकसाठी अंगठ्याशिवाय टाकतो आणि स्पेअरसाठी त्याच बॉलमध्ये अंगठा घालतो, तर तेही नियमात बसत नाही. बदल्यात कडेच्या वजनातल्या फरकाची मुभा १ औंसवरून ३ औंस केली गेली, त्यामुळे ड्रिलरला आराखड्यात मोकळीक मिळाली. पण चूक नंतर दुरुस्त करायची वाट बंद झाली. लेआउट आधीच नीट ठरवायचा, याचं महत्त्व म्हणूनच वाढलंय.

लेआउटने सगळंच बदलतं का?

नाही. आणि दुकानात हे फारसं कुणी सांगत नाही. २००० च्या दशकात यूएसबीसीने बॉलच्या हालचालीचा मोठा अभ्यास केला. त्यात सर्वाधिक परिणाम करणाऱ्या गोष्टींमध्ये पृष्ठभागाचा खरखरीतपणा आणि घर्षण वरच्या क्रमांकावर निघाले. कोअरचे आकडे त्यानंतर. म्हणजे ५०० ग्रिटच्या पॅडने घासलेला बॉल आणि ४००० ग्रिटने गुळगुळीत केलेला तोच बॉल यांच्यात जेवढा फरक पडतो, तेवढा लेआउट थोडा इकडे-तिकडे केल्याने पडत नाही.

यातून व्यवहारी क्रम निघतो. आधी लेनला आणि हाताला शोभेल असा बॉल निवडायचा, म्हणजे कवच आणि कोअर. मग लेआउट. मग पृष्ठभाग, जो घरी दहा मिनिटांत बदलता येतो. फक्त स्पर्धा सुरू झाल्यावर घासायला परवानगी नाही.

आणि या सगळ्याच्याही आधी फिटिंग. ड्रिलिंगमध्ये दोन वेगळी कामं असतात आणि नवखे ती एकच समजतात. लेआउट म्हणजे भोकं बॉलवर कुठे. फिटिंग म्हणजे भोकं हाताला कशी, म्हणजे अंगठा आणि बोटांमधलं अंतर, भोकांचा तिरकेपणा, आतली जाडी. फिटिंग चुकलं की खेळाडू बॉल पडू नये म्हणून आवळून धरतो, अंगठा उशिरा सुटतो, आणि मग पीएपीच दर फेकीला बदलतो. अशा हातासाठी केलेला लेआउट कागदावरच बरोबर असतो. वर अंगठ्याला फोड आणि मनगटाला दुखणं, ते वेगळंच.

प्रो शॉपमध्ये जाताना काय न्यायचं? सध्याचा बॉल, त्यावरच्या तेलाच्या रेघा न पुसता. पीएपीचा आकडा माहीत असेल तर तो. सेंटरच्या स्क्रीनवर दिसणारा वेग आणि आपल्या फेकीचा मागून आणि बाजूने काढलेला व्हिडिओ. सगळ्यात उपयोगी म्हणजे एक वाक्य, 'माझा आत्ताचा बॉल अमुक ठिकाणी असं करतो आणि मला तसं नको.' उदाहरणार्थ, 'तिसऱ्या गेमला कडेचं तेल सुकतं आणि बॉल लवकर वळतो.' एवढं ऐकलं तरी चांगला ड्रिलर पिन कुठे न्यायची ते सांगू शकतो. यातलं काहीही न विचारता कुणी ड्रिल सुरू करायला निघालं, तर बॉल परत बॉक्समध्ये ठेवलेला बरा.

दुसरा बॉल घेताना हिशेब आणखी सोपा होतो. पहिला साडेचार इंचांवर, मधल्या कोनांवर असेल, तर त्याच्याशी तुलना करून 'याच्यापेक्षा लवकर' किंवा 'याच्यापेक्षा उशिरा' एवढंच ठरवायचं असतं. दोन बॉल, दोन्हींचा लेआउट आणि कवच जवळपास सारखंच, ही हौशी खेळाडूंच्या पिशवीत नेहमी सापडणारी उधळपट्टी आहे.

भोकं पाडून झाल्यावर पहिल्याच दिवशी निकाल लावू नये. नव्या कवचाला तेल शोषून स्थिरावायला थोडे गेम लागतात आणि बोटांच्या कप्प्यांना हात सरावायलाही. तेवढे गेम झाले की टेपचा तो तुकडा पुन्हा काढायचा, नव्या बॉलवर पीएपी तपासायचा आणि आकडा ड्रिलरच्या वहीत लिहून ठेवायला सांगायचा. पुढच्या बॉलला तोच लागणार आहे.